टिपण नाही, परत

बस सिग्नलला करकचून थांबली आणि लघुलेखकाच्या मांडीवरची वही घसरून खाली पडली. झालं ते एवढंच. वाकून ती उचलली तेव्हा शेवटचं पान उघडं होतं, आणि सवयीने त्याची नजर त्यावरच्या रेघांवरून फिरली. सकाळी अकराच्या सुमाराला हे त्यानेच लिहून घेतलं होतं. पण लघुलेखकाचं असं असतं, की कानातून आलेलं सरळ बोटांतून निघून जातं, मध्ये डोक्याला कोणी विचारत नाही. भर सभेत भाषण उतरवून घेताना घरचं दळण आणायचं राहिलंय हे आठवावं आणि तरी एक शब्द सुटू नये, यातच त्या कामाचं कसब. त्यामुळे हाताला जे सकाळपासून ठाऊक होतं ते त्याला आत्ता कळलं. बारीक रेघ, जाड रेघ, एक टिंब. ‘ते पत्र शुक्रवारी माझ्या टेबलावर आलं होतं. मी ते वाचलं नाही. त्या सदतीस माणसांच्या मरणाला मी जबाबदार आहे, दुसरं कोणीही नाही.’ त्याने वही मिटली. मग पुन्हा उघडून पाहिलं, जणू मधल्या वेळात वाक्य बदललं असेल. बस सुरू झाली, त्याचा थांबा आला आणि गेला, आणि तो आणखी दोन थांबे तसाच बसून राहिला.

साहेब एके काळी बांधकाम खात्याचे मंत्री होते आणि लघुलेखक त्यांच्या कार्यालयात, बाहेरच्या खोलीत. साहेब जातील तिथे वही घेऊन हा मागे, म्हणून कार्यालयात सगळे त्याला शेपूट म्हणायचे. शेपटाला स्वतःचं मत नसतं, मूळ जनावर हलेल तसं हलायचं, असं तोही हसून सांगायचा. बावीस वर्षांपूर्वी नदीवरचा पायी चालायचा पूल कोसळला आणि तिसऱ्या दिवशी साहेबांनी राजीनामा दिला. शेपूट दुसऱ्या मंत्र्याला जोडलं गेलं, मग तिसऱ्याला, मग निवृत्त झालं. मध्यंतरी साहेबांची दृष्टी गेली, आणि या वर्षाच्या सुरुवातीला अचानक फोन आला, “काय शेपूट, आठवणी सांगतोय, येताय का लिहून घ्यायला?” इतक्या वर्षांत साहेबांनी त्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती. त्याला इतका आनंद झाला की कपाटातून जुनी पेन्सिलींची पेटी काढून त्याने सगळ्या पेन्सिली एका बैठकीत तासल्या, आणि बायको म्हणाली, “आता झाडूही तासून घ्या, टोक गेलंय.”

मंत्र्याच्या आठवणी म्हणजे जुन्या शत्रूंची उणीदुणी काढायची सोय, असं त्याला वाटलं होतं. पण साहेब वेगळंच सांगू लागले. आठवड्यातून तीन सकाळी, खिडकीकडे तोंड करून, सावकाश. ‘सरकार म्हणजे कोण असं विचारलं, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बोटं दाखवून संपली की शेवटी जो उरतो, त्याला त्या खुर्चीचा पगार मिळत असतो.’ ‘माणसं आपल्याला मत देतात, कर देतात आणि आपण बांधलेल्या पुलावर पाय ठेवतात. मत आणि कर ती कुरकुरत देतात. पाऊल मात्र न विचारता टाकतात, आणि कर्ज म्हणावं तर तेच सगळ्यात मोठं.’ हात हे उतरवत असे आणि तो खिडकीतल्या कुंडीकडे बघत असे. घरी येऊन संगणकावर टंकताना त्याला ही वाक्यं खरी भेटायची, आणि वाटायचं, हा माणूस आणखी पाच वर्षं खुर्चीवर राहायला हवा होता. तेवढ्यावर तो विचार थांबवायचा. पुढे गेलं की पूल यायचा.

बसमधून उतरून तो उलट चालू लागला तेव्हा दोन्ही बाजूंची दुकानं त्याला दिसत नव्हती. त्याला दिसत होती ती बाहेरची खोली, तीन टेबलं, भिंतीवर साहेबांच्या हुकुमाचा कागद. साहेबांनीच काढलेला नियम होता तो: कुठलीही फाइल आत यायची तर सगळ्यात वर एका पानाचं टिपण हवं. चारशे पानं उलटत बसायला मंत्र्याला वेळ नसतो, काय म्हणायचंय ते एका पानात म्हणा. नियम चांगला होता, सगळ्यांनी वाखाणला होता. टिपण नसेल ती फाइल परत पाठवायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो ते डोळ्यांत तेल घालून करायचा. इतर खात्यांतले कारकून हसत म्हणायचे, शेपटाच्या टेबलावरून माशीसुद्धा टिपणाशिवाय आत जात नाही. हे ऐकून त्याला बरं वाटायचं. बरं वाटायचं, हे आज रस्त्यात आठवलं आणि तो आणखी भराभर चालू लागला.

त्या शुक्रवारी दुपारी फाइल आली ती ‘पुलांची वार्षिक देखभाल’ या नावाने. जाडजूड, पोटातून फुगलेली, वर तांबडी चिठ्ठी, ‘तातडीचे’. पण त्या खात्यात तांबडी चिठ्ठी नसलेली फाइल होतीच कुठे? रंग उडालेल्या मैलाच्या दगडांच्या फाइलीलाही तांबडी चिठ्ठी असायची. सगळंच तातडीचं, तेव्हा तातडीचं काहीच नाही. वर टिपण नव्हतं. त्याला पाच वाजता निघायचं होतं, मुलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, ती आठ वर्षांची होती आणि दोन रात्री रडत होती. तरी त्याने फाइल उघडली होती. उघडायची काही गरज नव्हती, टिपण नाही म्हटल्यावर काम संपलं होतं. पण आतून एका हाताने लिहिलेल्या पत्राचा कोपरा बाहेर आला होता. बाकी सगळं टंकलेलं आणि हे एवढंच हाताने, म्हणून त्याने ते ओढून पाहिलं. खालच्या कुणा कनिष्ठ अभियंत्याचं पत्र होतं. त्याने पहिली ओळ वाचली. ‘मी आज सकाळी स्वतः पुलाखाली उतरून पाहणी केली.’ बरं केलीस, असं मनात म्हणून त्याने पत्र आत सरकवलं, फीत बांधली, आवक-जावकच्या वहीत ‘टिपण नाही, परत’ असं लिहिलं आणि फाइल शिपायाच्या हातात दिली.

दुसरी ओळ त्याने पुढच्या बुधवारी वाचली. ‘पूल आजच बंद करावा, उद्या नको.’ पुलापलीकडच्या कारखान्याचा विरोध होता म्हणून पूल बंद करायला मंत्र्यांची सही लागायची, तेवढ्यासाठी ते पत्र इतक्या वर आलं होतं. बुधवारी फाइल पुन्हा आली तेव्हा तिच्यावर टिपण होतं, एका पानाचं, सुबक, समास सोडून टंकलेलं. आणि पूल सोमवारी संध्याकाळी गेला होता. तो कारखाना काचेचा होता, सहाला पाळी सुटली, माणसं रोजच्यासारखी पुलावर आली आणि मधला भाग सुटला. वर्तमानपत्रातल्या फोटोत पाण्याच्या कडेला जेवणाचे डबे ओळीने मांडले होते, ओळख पटवण्यासाठी. सदतीस माणसं आणि त्रेचाळीस डबे. जास्तीचे सहा डबे कुणाचे, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. वाचलेल्यांचे असतील. असणारच. पण त्या सहा डब्यांनी त्याला सदतीस माणसांपेक्षा जास्त छळलं होतं, का ते त्याला सांगता आलं नसतं.

दार बायकोने उघडलं. “उशीर केलात. साहेबांच्या आठवणी ऐकता ऐकता स्वतःचं घर विसरलात की काय?”

“बस चुकली.”

“बसमध्ये बसून बस चुकते होय? अहो, तिकीट वरच्या खिशातून दिसतंय तुमचं, पुढच्या थांब्याचं जादा काढलेलं.” मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज उतरवला. “बरं वाटत नाहीये का?”

“पुलाचं प्रकरण झालं आज.”

“चांगला माणूस,” ती म्हणाली. “स्वतःचा काही दोष नसताना खुर्ची सोडली. आता कोण सोडतं?” आणि ताटं घ्यायला आत गेली. दोष नसताना, हे तिने सहज म्हटलं होतं, सगळं गाव म्हणायचं तसं. तिला काही माहीत नव्हतं. बावीस वर्षं एका पलंगावर झोपून त्याने ते तिच्यापासून राखलं होतं. सुरुवातीला सांगणार होता. मुलीचा दात बरा झाल्यावर, मग चौकशीचा निकाल लागल्यावर, मग मुलीची परीक्षा झाल्यावर. चौकशी तर झालीच नाही म्हणायची. मंत्र्यानेच राजीनामा दिल्यावर चौकशीला चघळायला काही उरलं नाही, आणि आवक-जावकची ती वही कोणी मागितलीही नाही. तो सुटला. सुटला हा शब्द त्याला तेव्हाच खटकला होता, कारण सुटका झाल्यासारखं एक दिवससुद्धा वाटलं नाही. रस्त्यावरून जाताना कुणी पुलावर पाय ठेवला की त्याचा श्वास अडकायचा, अगदी चार पावलांच्या ओढ्यावरच्या पुलावरही. मुलगी लहानपणी चिडवायची, बाबा पाण्याला घाबरतात.

जेवून तो संगणकापुढे बसला. दुसऱ्या दिवशी साहेब त्या प्रकरणावर सही करणार होते आणि दुपारी प्रकाशकाचा माणूस ते घेऊन जाणार होता. एकदा ते छापलं गेलं की संपलं. साहेबांसारख्या माणसाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पुस्तकात एक खोटं कबूल केलेलं असेल, आणि ते खोटं असल्याचं सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? खरं सांगायचं तर आजच, नाहीतर कधीच नाही. तो टंकत गेला. पुलाचं बांधकाम, दुरुस्तीची रक्कम तीन वर्षं लांबणीवर टाकणारे ठराव, कारखान्याचा दबाव, साहेबांनी कोणालाच सोडलं नव्हतं आणि कोणाचं नावही घेतलं नव्हतं. मग ती तीन वाक्यं आली. बोटं थांबली. ‘दुसरं कोणीही नाही’ हे त्याच्याच्याने उमटवेना. त्याने लिहून पाहिलं, ‘ते पत्र माझ्या टेबलापर्यंत आलंच नाही’, आणि पुसलं, कारण साहेब असं म्हणाले नव्हते. लघुलेखकाने स्वतःचं वाक्य घालायचं नसतं. गाळायचंही नसतं. चाळीस वर्षांत त्याने मूर्खांची भाषणं, खोटारड्यांची आश्वासनं, शोकसभेतले विनोद, सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. त्या दुपारी त्याने पहिल्यांदा ऐकलेलं गाळलं. पान छापून निघालं तेव्हा खाली तीन-चार ओळींची कोरी जागा उरली होती.

सकाळी साहेबांच्या बहिणीने दार उघडलं, चहा ठेवला आणि ती आत गेली. खोलीत ऊन होतं. साहेब खुर्चीत सरळ बसले होते, दाढी स्वच्छ, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. कोणी सांगितल्याशिवाय त्यांना ते कळलं नसतं, आणि त्यानेही सांगितलं नाही. “वाचा,” ते म्हणाले. त्याने वाचलं. आवाज कुठे अडखळला नाही, त्याचं त्यालाच नवल वाटलं. शेवटच्या ओळीनंतर तो थांबला.

“संपलं?”

“हो, साहेब.”

“तीन वाक्यं राहिली.”

“राहिली नाहीत. मी गाळली.” आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही हे कळून तो घाईने बोलत सुटला. “ती खरी नाहीत, साहेब. पत्र तुमच्या टेबलावर आलंच नव्हतं. माझ्याच टेबलावरून परत गेलं. टिपण नव्हतं म्हणून मी परत केलं. आणि मी ते पत्र बाहेर काढलं होतं, पहिली ओळ वाचली होती, आणि पुन्हा आत घातलं. शुक्रवारी सव्वाचार वाजता.”

साहेबांनी चाचपडत कप उचलला, एक घोट घेतला आणि कप होता तिथेच नेमका ठेवला.

“सव्वाचार नाही,” ते म्हणाले. “नोंदीत चार वाजून दहा मिनिटं आहेत.”

आत कुठेतरी साहेबांची बहीण नळ सोडून भांडी घासत होती आणि तो आवाज त्याला फार लांबून येत होता. बावीस वर्षं आपण एका बंद खोलीत एकटे आहोत असं धरून चालावं, आणि कोपऱ्यातून कोणीतरी खाकरावं, तसं त्याला झालं. त्याला लाज वाटली. मग राग आला.

“तुम्हाला माहीत होतं.”

“मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी येऊन बसलो होतो. वही उघडली. तुमचं अक्षर काय मला ओळखू येत नाही?”

“मग एका शब्दाने... इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीत?”

“विचारून काय करणार होतो?” साहेबांचा आवाज वाढला नाही. “चौकशीला एक कारकून मिळाला असता. तुम्हाला घरी बसवलं असतं, पेपरात फोटो आला असता, तुमच्या मुलीला शाळेत पोरांनी छळलं असतं. आणि ज्यांनी तीन वर्षं दुरुस्ती अडवली, ज्यांनी पूल बंद करायला माझ्या सहीची अट घालून ठेवली, ते सगळे त्या रात्री शांत झोपले असते. कारकून सापडला की सरकार सुटतं हो. प्रत्येक वेळी असंच होत आलंय. मला तसं सुटायचं नव्हतं. एका पानाचा नियम कोणाचा होता?”

“नियम तुमचा होता. पण पत्र मी हातात घेतलं होतं.”

“हो,” साहेब म्हणाले. “ते तुम्ही घेतलं होतं.”

त्यांनी नाही म्हणावं, अशी त्याची कुठेतरी आशा होती, हे त्याला त्या ‘हो’नंतर समजलं. साहेबांनी ते म्हटलं नाही, आणि त्याला वाईट वाटता वाटता कसलातरी आधारही वाटला. कोणीतरी, अखेर, हो म्हणालं होतं.

“मी त्यांच्याकडे जातो,” तो म्हणाला. “त्या लोकांच्या घरी. एकेकाला सांगतो. पुस्तकात नको तर नको, तोंडाने सांगतो.”

“मी गेलो होतो,” साहेब म्हणाले. “राजीनाम्यानंतर. सदतीसच्या सदतीस घरी. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईने मला बसायला सांगितलं, आणि दोन तास माझ्यासमोर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली आता जा. सगळ्यांना मी तेच सांगितलं, की पत्र आलं होतं आणि मी वाचलं नाही. एक गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे. मुलगा आणि सून दोघंही त्या पाळीला होते. ते दरवर्षी त्या तारखेला मला फोन करतात. शिव्या देतात. दहा मिनिटं, चांगल्या सणसणीत, अजून एकही शिळी शिवी नाही. आणि ठेवताना म्हणतात, तब्येत सांभाळा, तुम्ही गेलात तर पुढच्या वर्षी मी कोणाला फोन करू?”

साहेब हसले नाहीत, तोही हसला नाही.

“आता तुम्ही जाऊन त्यांना सांगणार, की ते खोटं होतं? की बावीस वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या? त्यांच्याकडे आता दुसरं काय राहिलंय? रागवायला एक माणूस आहे, तो तुम्ही काढून घेणार, आणि त्याच्या जागी काय देणार? एक नियम, एक वही आणि दातदुखी?”

दातदुखी. म्हणजे तेही माहीत होतं. त्या दिवशी लवकर निघायची परवानगी त्याने साहेबांकडेच मागितली होती, आणि साहेबांनी वर न बघता म्हटलं होतं, जा जा, लेकरू रडतंय तर आधी जा. हे तो साफ विसरला होता.

“मग माझं काय, साहेब?” त्याने विचारलं. हे त्याने इतक्या हळू विचारलं की ऐकू गेलं की नाही याची त्याला शंका आली.

साहेबांनी तोंड त्याच्याकडे वळवलं. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी त्याला मान खाली घालावीशी वाटली. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. बोलायला उभं राहिलं की कधी न अडणारा हा माणूस असा अडलेला त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

“तुमच्यासाठी माझ्याकडे काही नाही,” ते शेवटी म्हणाले. “असतं तर कधीच दिलं असतं. लिहून घ्यायला तुम्हाला बोलावलं, तेव्हा वाटलं होतं, सांगता सांगता काही सुचेल. नाही सुचलं.” मग जरा थांबून, कामाच्या आवाजात, “पानाच्या खाली जागा आहे?”

“आहे.”

“हाताने लिहा. जसं सांगितलं होतं तसं.”

त्याने पेन काढलं. लघुलिपीत नव्हे, सरळ अक्षरांत, एकेक शब्द जोडून लिहायचं होतं, आणि या वेळी बोटांनी डोक्याला वगळलं नाही. प्रत्येक शब्द आधी आत उतरला आणि मग कागदावर आला. ‘मी ते वाचलं नाही.’ पेन टेकवून तो थांबला, पुढे गेला. ‘दुसरं कोणीही नाही.’ हे तीन शब्द लिहायला त्याला जितका वेळ लागला तितक्या वेळात एरवी त्याने अख्खं भाषण उतरवलं असतं. साहेब वाट बघत होते, त्यांनी घाई केली नाही. “झालं?” त्यांनी विचारलं. त्याने झालं म्हणून सांगितलं.

साहेबांनी उजवा हात पुढे केला. त्याने पेन त्यांच्या बोटांत दिलं, मनगट धरून हात शेवटच्या ओळीखाली आणला आणि पेनाचं टोक कागदावर टेकवून दिलं. साहेब सही करू लागले, मोठी, सावकाश, अंदाजाने. पान खुर्चीच्या हातावरच्या फळीवर निसटत होतं. ते हलू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि सही पुरी होईपर्यंत सोडलं नाही.